ड्रिल बंद पडलं: दुरुस्त करायचं की नवीन घ्यायचं?

आजचा विषय छोटा वाटेल, पण घरोघरी अडलेला आहे. बॅटरीवर चालणारं, वायर नसलेलं ड्रिल मशीन बंद पडलं, तर ते दुरुस्त करायचं की नवीन घ्यायचं?

मी फौजेत ईएमईचा अधिकारी होतो. ईएमई म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स. फौजेची यंत्रं चालती ठेवायची, हे या कोअरचं काम. माझी शेवटची नेमणूक पूर्व कमांडच्या मुख्यालयात, फोर्ट विल्यममध्ये होती. त्या किल्ल्याला आता विजयदुर्ग हे नाव मिळालं आहे, आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या विजयदुर्गावरून. निवृत्तीनंतर आम्ही दोघं कोलकात्यातच राहिलो. इथे हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास आहे. तिथे कुणी भेटलं, की चहाबरोबर एखादं बिघडलेलं यंत्र हमखास निघतं. "कर्नलसाहेब, ड्रिल गेलं हो. चांदनीत न्यावं, की सरळ नवं मागवावं?"

मी उलट विचारतो, "गेलं म्हणजे नक्की काय गेलं?"

बहुतेकांना ते सांगता येत नाही. आणि आज मला एवढंच सांगायचं आहे. दुरुस्ती की नवीन, हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, काय बिघडलंय, हा आहे. पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसरा बहुतेक वेळा आपोआप सुटतो.

फौजेत याची एक रीत आहे. ईएमईची स्थापना १५ ऑक्टोबर १९४३ ची, दुसऱ्या महायुद्धातली. तेव्हापासून दुरुस्तीच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. छोटा बिघाड युनिटजवळच काढायचा, त्याहून मोठा फील्ड वर्कशॉपमध्ये, आणि यंत्र पूर्ण उघडायचं असेल तर बेस वर्कशॉपमध्ये. पुण्याच्या खडकीची ५१२ आर्मी बेस वर्कशॉप आपल्यापैकी अनेकांना ऐकून माहीत असेल. एखादं यंत्र दुरुस्त करणं परवडत नसेल तर त्यावर शिक्का बसतो, 'बीईआर'. म्हणजे बियॉन्ड इकॉनॉमिकल रिपेअर. पण हा शिक्का कुणी नुसता बघून मारत नाही. यंत्र उघडतात, तपासतात, काय काय बदलावं लागेल ते लिहितात, त्याचा खर्च मांडतात, आणि मग निकाल लागतो. तपासणीआधी निकाल नाही.

घरात आपण नेमकं उलटं करतो. आधी निकाल, मग तपासणी. तीही भंगारवाला करतो.

आता हे यंत्र नेमकं आहे काय, ते थोडक्यात बघू.

भोक पाडण्याचं अवजार आपल्याकडे फार जुनं. सुताराचा सामता तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. कमानीची दोरी मागेपुढे ओढायची आणि टोक फिरायचं. त्यानंतर हाताचं गिरमिट. विजेवर चालणारं आणि हातात धरता येणारं ड्रिल जर्मनीतल्या फाइन कंपनीनं १८९५ मध्ये बनवलं. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली ट्रिगर, या रचनेचं पेटंट अमेरिकेतल्या ब्लॅक अँड डेकरला १९१७ मध्ये मिळालं. त्याच कंपनीनं १९६१ मध्ये बॅटरीवरचं, विनावायरचं ड्रिल बाजारात आणलं. त्यात निकेल-कॅडमियमचे सेल होते. दहा वर्षांनी, १९७१ मध्ये, अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी बॅटरीच्या ड्रिलनं चंद्राच्या जमिनीत भोक पाडलं.

हा इतिहास सांगण्याचं कारण असं. मूठ, ट्रिगर, मोटर, गिअर आणि चक, हा भाग शंभर वर्षांत मुळातून बदललेला नाही. बदलली ती बॅटरी. लिथियम-आयन सेल सोनी कंपनीनं १९९१ मध्ये बाजारात आणला आणि २००५ च्या सुमारास तो ड्रिलमध्ये शिरला. त्यामुळे आज तुमच्या हातात जे आहे, ते एक यंत्र नाही, दोन आहेत. एक लोखंड-तांब्याचं, जे नीट वापरलं तर पंधरा-वीस वर्षं चालतं. दुसरं रसायनाचं, जे वापरा किंवा वापरू नका, काही वर्षांत म्हातारं होतंच. ड्रिल 'गेलं' असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेकदा दुसरं गेलेलं असतं आणि पहिलं उगाच फेकलं जातं.

आता एक खरी केस सांगतो.

आमच्या गल्लीत मुर्शिदाबादहून आलेला एक तरुण सुतार काम करतो. गावाकडे आई-वडील, लहान भाऊ. इथे चौघांत एक खोली. मला तो 'काकू' म्हणतो. घाबरू नका, बंगालीत काका म्हणजेच काकू. माझ्या बायकोला अजून हसू येतं. एका संध्याकाळी तो ड्रिल घेऊन आला. १८ व्होल्टचं, तीन वर्षांचं. "काकू, चार्ज पूर्ण दाखवतं. एक स्क्रू अर्धा जातो आणि बंद पडतं." दुसऱ्या दिवशी बेहालामध्ये स्वयंपाकघराचं फर्निचर बसवायचं काम होतं. ठेकेदारानं सांगितलं होतं, मशीन नसेल तर येऊ नकोस. एका दुकानदारानं त्याला सांगितलं की या मॉडेलची बॅटरी आता येत नाही, नवीनच घे, हप्त्यावर देतो. नव्या संचाची किंमत म्हणजे त्याची दहा-बारा दिवसांची मजुरी. तो सही करायच्याच बेतात होता.

मी त्याला आधी दोन गोष्टी विचारल्या. पहिली, चार्ज करून दोन दिवस तशीच ठेवली तर काय होतं? तो म्हणाला, लगेच बंद पडते. दुसरी, याच कंपनीचं मशीन कुणा मित्राकडे आहे का? होतं. मित्राची बॅटरी लावून बघितली. ड्रिल सुतासारखं फिरलं. चक घट्ट, गिअरचा आवाज स्वच्छ, मोटरला वास नाही. म्हणजे यंत्र नंबर एक ठणठणीत. पाच मिनिटांत निम्मा निकाल लागला. बेहालाच्या कामासाठी एका दिवसापुरती मित्राची बॅटरी मागून घेतली आणि त्याची बॅटरी घेऊन मी चांदनीत गेलो.

चांदनी म्हणजे कोलकात्याचा चांदनी चौक. दिल्लीतला नव्हे. धर्मतल्याजवळ, त्याच नावाच्या मेट्रो स्टेशनच्या बाहेर पाऊल टाकलं की बाजार सुरू. वायर, मोटर, चार्जर, स्पीकर, रिमोट, जुने लॅपटॉप, त्यांचे सुटे भाग. एकेका माणसाकडे टेबलाएवढी जागा, एक सोल्डरिंगची इस्त्री, एक मल्टिमीटर. या भागाचं विजेशी नातंही जुनं आहे. १७ एप्रिल १८९९ रोजी कोलकात्यात वीजपुरवठा सुरू झाला, तो इथून हाकेच्या अंतरावर असलेल्या इमामबाग लेनमधल्या वीज केंद्रातून.

मी ज्याच्याकडे गेलो, त्या दादांनी बॅटरीचे चार स्क्रू काढले. आत पाच सेल, प्रत्येक १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांब. म्हणून त्याला १८६५० म्हणतात. अशा एका सेलचा दाब सरासरी ३.६ व्होल्ट, पाच सेल एकापुढे एक जोडले की १८ व्होल्ट. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टपर्यंत जातो. काही डब्यांवर '२० व्होल्ट मॅक्स' असं छापलेलं असतं, तो हाच पाच सेलचा पॅक. १८ आणि २० मॅक्स यांच्या ताकदीत फरक नाही. दुकानात कुणी २० म्हणून जास्त पैसे मागितले, तर हे लक्षात ठेवा.

दादांनी मल्टिमीटर लावला. चार सेल ४ व्होल्टच्या जरा वर. पाचवा ३.१. मग त्यांनी पॅकवर लोड टाकला, म्हणजे मोटरसारखा करंट ओढायला लावला. चार सेल तग धरून राहिले, पाचवा एकदम कोसळला. आतलं सर्किट हे बघतं आणि सेल वाचवण्यासाठी सगळा पॅक बंद करतं. स्क्रू अर्धा जाऊन मशीन का थांबतं, त्याचं उत्तर मिळालं. पाचातला एक आजारी आणि चौघं त्याच्यापायी घरी बसलेले. फौजेतल्या कुठल्याही सेक्शन कमांडरला हे समजावून सांगावं लागणार नाही.

मी विचारलं, एकच बदलायचा का? दादांनी मान हलवली. नवा सेल आणि तीन वर्षं झिजलेले चार, यांची चाल जुळत नाही. पुन्हा सहा महिन्यांत तोच खेळ. बदलायचे तर पाचही, एकाच बनावटीचे. मग म्हणाले, "काल आशुन, होये जाबे." बंगालीत 'काल' म्हणजे उद्याही. उद्या या, होऊन जाईल. आणि झालं. खर्च आला सुताराच्या दोन दिवसांच्या मजुरीएवढा. हप्त्याचा कागद सहीशिवाय राहिला.

आता ही गोष्ट ऐकून लगेच बॅटरी उघडायला बसू नका. त्याबद्दल पुढे बोलतो. आधी घरी, काहीही न उघडता, काय काय तपासता येतं ते क्रमानं सांगतो. कागद-पेन घ्या.

एक. मुठीच्या वर डावी-उजवीकडे सरकणारा दांडा असतो, सुलट-उलट फिरण्याचा. तो मधोमध असेल तर ट्रिगर लॉक होतो. हे मुद्दाम ठेवलेलं कुलूप आहे. मशीन 'बंद पडलं' म्हणून आलेल्यांपैकी काहींचा आजार एवढाच असतो.

दोन. चकच्या मागे आकडे असलेली रिंग असते. तो क्लच. लहान आकड्यावर असेल तर स्क्रू जरा घट्ट होताच मशीन टर्र-टर्र वाजतं आणि चक फिरत नाही. गिअर तुटलेला नाही. भोक पाडायचं असेल तेव्हा रिंग ड्रिलच्या चिन्हावर आणा.

तीन. बॅटरी बाहेर काढा. तिच्या आणि मशीनच्या धातूच्या पट्ट्या बघा. कोलकाता, कोकण, गोवा, जिथे हवा दमट तिथे त्या काळवंडतात. बॅटरी काढलेली असताना कोरड्या कापडानं आणि मऊ ब्रशनं साफ करा. पाणी नको.

चार. बॅटरी गरम असेल तर चार्जर ती घेत नाही. मे महिन्यात गच्चीवर काम करून लगेच चार्जिंगला लावली तर लाल दिवा लुकलुकतो. अर्धा तास सावलीत ठेवा. थंडीचंही तसंच. शून्य अंशाखाली लिथियम सेल चार्ज केला तर आत धातूचा थर बसतो आणि सेल कायमचा बिघडतो. उंचावरच्या चौक्यांवर आमचे जवान वायरलेसच्या बॅटऱ्या रात्री स्लीपिंग बॅगमध्ये उराशी घेऊन झोपत, ते उगाच नाही.

पाच. दुसरी बॅटरी लावून बघा. शेजारी, मित्र, दुकान, कुठूनही मिळवा, फक्त त्याच कंपनीची आणि तेवढ्याच व्होल्टची. ही सगळ्यात मोलाची तपासणी. मशीन चाललं तर दोष बॅटरीत. नाही चाललं तर मशीनमध्ये. दोन्ही बाजूंना एकदम संशय घेत बसायची गरज नाही.

सहा. दोष मशीनमध्ये असेल तर लक्षणं ऐका. ट्रिगर दाबल्यावर पुढचा छोटा दिवा लागतो पण मोटर फिरत नाही, मशीनला थाप मारली की फिरते, आत ठिणग्या जास्त दिसतात. हे बहुतेक कार्बन ब्रशचं लक्षण. ब्रश हे झिजण्यासाठीच बनवलेले कोळशाचे तुकडे. स्वस्त असतात. डब्यावर 'ब्रशलेस' लिहिलं असेल तर ते नसतातच. वेग कमी-जास्त होत नाही, एकदम पूर्ण वेगानं सुटतं, तर ट्रिगरचा स्विच. हाही बदलता येतो. मोटर गुणगुणते पण चक फिरत नाही, किंवा खडखड वाजतं, तर गिअर. आणि जळका वास येऊन मोटर गप्प झाली असेल तर तिच्या तारा जळल्या. हा मोठा खर्च.

सात. बिट घसरत असेल, डुगडुगत असेल, तर चक. चक बदलायला सोपा आहे, पण एक खुबी आहे. त्याचे जबडे पूर्ण उघडले की तळाशी बहुतेक ड्रिलमध्ये एक स्क्रू दिसतो. तो उलट्या आट्यांचा असतो. काढायला घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवायचा. हे माहीत नसेल तर माणूस तो काढता काढता आणखी आवळतो आणि शेवटी डोकं उडवतो. स्क्रूचं.

एवढं केलंत, की 'ड्रिल गेलं' या वाक्याऐवजी 'बॅटरी गेली', 'ब्रश गेले', 'स्विच गेला' असं नेमकं वाक्य तुमच्या हातात येतं. नेमकं वाक्य घेऊन दुकानात गेलेला माणूस सहसा फसत नाही.

आता बॅटरी उघडण्याबद्दल. माझा स्पष्ट सल्ला आहे, घरी उघडू नका. यात हौसेला जागा नाही. ड्रिलचा पॅक एका क्षणात वीस-तीस अँपिअर करंट देऊ शकतो. पान्हा किंवा अंगठी दोन टोकांना लागली तर ती लाल होते. सेलला थेट सोल्डरिंगची इस्त्री लावली तर उष्णतेनं आतला पडदा बिघडतो. तिथे निकेलच्या पट्टीला स्पॉट वेल्डिंगच हवं. म्हणून कारागीर निवडताना पहिली गोष्ट बघा, त्याच्याकडे स्पॉट वेल्डर आहे का. नसेल तर नमस्कार करून पुढच्या टेबलाकडे.

दुसरी गोष्ट, सेल कुठले. बाजारात रंगीत वेष्टन चढवलेले सेल मिळतात. त्यावर ९,९०० एमएएच असं छापलेलं असतं. १८६५० आकाराच्या चांगल्यातल्या चांगल्या सेलची क्षमता ३,५०० च्या आसपास असते. म्हणजे वेष्टनावरचा आकडाच सांगतो की माल खोटा आहे. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेलही नको. लॅपटॉप हळूहळू करंट ओढतो, ड्रिल झटक्यात ओढतं. त्यासाठी जास्त करंटचा भार सोसणारे सेल वेगळे येतात. कारागिराला विचारा, "ड्रिलसाठी चालणारे का?" उत्तर देताना तो अडखळला तर समजून घ्या.

तिसरी गोष्ट, आतलं संरक्षक सर्किट. ते काढून थेट जोडून देणारे महाभाग आहेत. मशीन जोरात चालतं आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण आता त्या सेलना थांबवणारं कुणी उरलेलं नसतं. हे कुणी सुचवलं तर बॅटरी उचला आणि घरी या.

आणि काही बॅटऱ्या दुरुस्तीला न्यायच्याच नाहीत. फुगलेली, वितळलेली, गोड-तिखट रासायनिक वास येणारी, पाण्यात बुडालेली. कोलकात्यात पावसाळ्यात तळमजल्यांत गुडघाभर पाणी साचतं. पाण्यातून काढलेली बॅटरी वाळवून चार्जिंगला लावणं म्हणजे घरात आग पाळणं. तसंच फार महिने पडून ज्याचा दाब २ व्होल्टच्याही खाली गेला आहे, असा सेल 'जागा' करू नये. आतलं तांबं विरघळून नको तिथे जमलेलं असू शकतं.

यावरून एक गोष्ट आठवली. सुताराचं ड्रिल वापरानं म्हातारं होतं. आपल्या घरातलं ड्रिल न वापरल्यानं मरतं. दिवाळीला पडद्याचा दांडा बसवला, डबा माळ्यावर गेला, पुढच्या दिवाळीला उघडला तर बॅटरी गार. सेल पडून पडून रिकामा होत जातो आणि आतलं सर्किटही थोडी थोडी वीज खात असतं. म्हणून बॅटरी अर्धी भरून, मशीनपासून सोडवून, थंड कोरड्या जागी ठेवा आणि तीन-चार महिन्यांनी एकदा बघा. गाडीच्या डिकीत आणि पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका. रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका.

आता निकालाकडे येऊ. दुरुस्त कधी करायचं?

वॉरंटी चालू असेल तर स्वतः काही उघडू नका, बिल घेऊन कंपनीच्या सेंटरला जा. बॅटरीची वॉरंटी मशीनपेक्षा वेगळी आणि कमी असू शकते, तो कागद आजच वाचून ठेवा. वॉरंटी संपली असेल आणि दोष ब्रश, स्विच, चक, पट्ट्या किंवा चार्जरचा असेल, तर दुरुस्त करा. बॅटरी गेली असेल आणि कंपनीची नवी मिळत असेल, तर पहिली पसंती तीच. कंपनीची बॅटरी येईनाशी झाली असेल आणि मशीन चांगलं असेल, तरच चांगल्या कारागिराकडून पॅक भरून घ्या.

नवीन कधी घ्यायचं? मोटर आणि बॅटरी दोन्ही गेल्या असतील तेव्हा. आवरणाला तडे गेले असतील तेव्हा. जुन्या निकेल-कॅडमियमचं मशीन असेल तेव्हा, कारण कॅडमियम विषारी धातू आहे आणि ते सेल पुन्हा भरण्यात शहाणपण नाही. आणि दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याच्या वर जात असेल तेव्हा. हा निम्म्याचा माझा घरगुती हिशेब आहे, फौजेचा नियम नव्हे.

नवीन घेताना ड्रिल बघून घेऊ नका, बॅटरी बघून घ्या. त्या बॅटरीवर त्या कंपनीची आणखी कोणती यंत्रं चालतात, ती बॅटरी सुटी मिळते का, तुमच्या गावात सर्व्हिस आहे का. घरात त्या कंपनीच्या बॅटऱ्या आधीच असतील तर बॅटरीशिवाय नुसतं मशीन मिळतं, ते बरंच स्वस्त पडतं.

आणि एक साधी गोष्ट दुकानात कुणी सांगणार नाही. वर्षाला चार भोकं पाडणाऱ्या घराला बॅटरीचं ड्रिल लागतच नाही. वायरचं घ्या. त्यात म्हातारी होणारी बॅटरीच नाही. आमच्या उत्तर कोलकात्यातल्या जुन्या घरांच्या भिंती वीस-वीस इंच जाड, विटा आणि चुना-सुर्खीच्या. नव्या इमारतींत काँक्रीटचे खांब. तिथे छोटं बॅटरीचं ड्रिल धापा टाकतं आणि काँक्रीटला तर रोटरी हॅमरच लागतो. अनेक ड्रिल बिघडत नाहीत, न झेपणाऱ्या कामाला जुंपल्यामुळे मरतात. त्याहून चांगलं म्हणजे सोसायटीनं किंवा मंडळानं मिळून एक चांगलं मशीन ठेवावं, वहीत नाव लिहून न्यावं-आणावं. फौजेत प्रत्येक जवानाला स्वतंत्र ड्रिल मिळत नाही आणि कुणाचं काम अडत नाही.

मेलेल्या बॅटरीचं काय करायचं? कचऱ्यात नाही. भंगारातही नाही. कचऱ्याच्या गाडीत ती दाबली गेली तर पेट घेऊ शकते. कोलकात्याचा कचरा धाप्याला जातो, तिथे हातानं कचरा निवडून पोट भरणारी माणसं आहेत. त्यांच्या हातात ही वस्तू जाऊ नये. दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावा आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला किंवा अधिकृत ई-कचरा केंद्राला द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. तेव्हा सेंटरला बॅटरी देताना उपकार मागतो आहोत असं वाटून घेऊ नका.

सुटे भाग मिळत नाहीत, ही तक्रारही आपण फार लवकर गिळतो. २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्र सरकारनं 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं, ही चार क्षेत्रं त्यात घेतली. युरोपनं तर कायदाच केला आहे की १८ फेब्रुवारी २०२७ पासून लहान उपकरणांतली बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता-घालता आली पाहिजे. आपल्याकडे वाट लांब आहे. पण वॉरंटी नाकारली, खोटी माहिती दिली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. बिल जपून ठेवा आणि फोन करा.

शेवटी एक गोष्ट सांगून थांबतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर. किर्लोस्करवाडी, लोखंडी नांगर, पुढचं सगळं आपल्याला माहीत आहे. पण त्याआधी, १८८८ मध्ये, बेळगावात त्यांनी काय सुरू केलं होतं? सायकलचं दुकान. विकायचं आणि दुरुस्त करायचं. यंत्र उघडून 'हे असं का केलं असेल' असं विचारणाऱ्या हातांतून पुढे यंत्र बनवणारे हात तयार झाले. चांदनीतल्या त्या टेबलाएवढ्या जागेकडे मी याच नजरेनं बघतो. तिथला माणूस उद्या उठला आणि त्याच्या जागी फक्त नवे डबे विकणारा बसला, तर आमच्या गल्लीतल्या सुताराला हप्त्याशिवाय दुसरा रस्ता उरणार नाही.

तर मंडळी, कामाचं एवढंच. माळ्यावरचा डबा या रविवारी खाली काढा. दांडा मधोमध नाही ना बघा, क्लचची रिंग बघा, पट्ट्या पुसा, दुसऱ्या बॅटरीवर चालवून बघा. काय बिघडलंय ते एका वाक्यात कागदावर लिहा. मग दुरुस्ती की नवीन, ते ठरवा. मुलं-नातवंडं घरात असतील तर त्यांना शेजारी बसवा आणि ते वाक्य त्यांना लिहू द्या.

पुढच्या भागात घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीबद्दल बोलू. तोपर्यंत काळजी घ्या. जय हिंद.